सोन्यातली सवत

रोमच्या सुबूरा वस्तीतल्या त्या गल्लीत नेब्रिसच्या मत्सराचे किस्से लोक जेवताना तोंडी लावायला घेत. नवऱ्याने एकदा शेजारणीच्या मसुराला बरं म्हटलं, तर नेब्रिसच्या शेगडीवर वसंत सरेपर्यंत मसूर चढला नाही. गल्लीतलं एक पिवळं कुत्रं त्याच्या मागे मागे कोपऱ्यापर्यंत जायचं. ते कुत्रं नसून कुत्री आहे हे कळलं, त्या दिवसापासून नेब्रिस तिला उष्टं टाकेनाशी झाली. लोक हसत. हसणाऱ्यांत नेब्रिसही असायची, पण कुत्रीला तुकडा काही मिळायचा नाही.

एरवी बाई सोन्यासारखी, आणि कामही सोन्याचंच. साक्रा विआ या रस्त्यावर सोनारांची जी रांग आहे, तिच्या उताराकडच्या टोकाला वर्खवाल्यांची दुकानं होती. त्यातल्या एका दुकानात ती पोरवयात गुलाम म्हणून आली. मालकिणीने मरताना तिला मोकळं केलं, पण हातोडी काही सुटली नाही. मुशीत सोनं वितळवायचं, त्याची पट्टी ओढायची, पट्टीचे तुकडे पातळ कातड्याच्या पानांमध्ये घालायचे आणि ठोकत बसायचं. वर्ख असा व्हायचा की दुकानात कोणी शिंकलं तर तो उडून छताला चिकटे, आणि शिंकणाऱ्याला पुढे आठवडाभर दारातूनच बोलावं लागे. शहरातल्या कितीतरी देवांच्या अंगावर नेब्रिसच्या हातचं सोनं होतं. ठोकून ठोकून तिचा उजवा दंड डाव्याहून जाड झाला होता, आणि बोलायचीही ती ठोकल्यासारखीच.

नवरा अँतेरोस कॅलियन टेकडीच्या पायथ्याच्या टांकसाळीत ठसे कोरायचा. तोही पूर्वीचा गुलाम, पुढे सम्राटाच्या घराण्यातून मोकळा झालेला. माणूस अबोल. पापण्यांचे केस कामाच्या दिव्याने जळून विरळ झालेले, आणि चालताना नजर कायम हातभर अंतरावर, जणू रस्ताही कोरायचा आहे. नाण्याच्या पुढच्या बाजूचं तोंड, म्हणजे सम्राट किंवा सम्राज्ञी, कोरायचा मान वरच्या कारागिरांचा. अँतेरोसकडे मागची बाजू. मागच्या बाजूला देवी असायच्या. एक हातात कळी धरून घागरा चिमटीने उचलणारी, ती आशा. एकीच्या कुशीत फळांनी भरलेलं शिंग, ती समृद्धी. एकीच्या हातात तराजू, ती चोख मापाची देवी. नेब्रिस त्यांना गल्लीतल्या बायकांसारखी नावं ठेवायची: फुलवाली, शिंगवाली, तराजूवाली.

या बायकांचा तिला कधी मत्सर वाटला नाही. सगळ्या खांबासारख्या ताठ, देवळातल्या जुन्या मूर्तींवरून उतरवलेल्या. आणि त्यातली तराजूवाली तर थोडी तिचीच होती. लग्नाच्या नव्या नवलाईत अँतेरोस एकदा म्हणाला होता, "ही पळी जरा अशी वर धर." तिने धरली. आमटी करपली, तरी तो बघतच होता. पुढे तराजूवालीचं नाणं निघालं, तेव्हा तिचा हात नेब्रिसचा होता. जाड मनगट, घट्ट मूठ. गिऱ्हाइकाने ते नाणं आणलं की ती आवर्जून दाखवायची. "तराजू कसा धरलाय बघा. असा धरायला दंडात जोर लागतो."

आणि मग एका पानगळीत ती पदरवाली आली.

कोणा श्रीमंताला जेवणाच्या दालनाचं छत सोन्याने मढवायचं होतं. त्याचा कारभारी वितळवून वर्ख करायला सोन्याच्या नाण्यांची पिशवी घेऊन आला. नाणी टांकसाळीतून नुकतीच निघालेली, अजून कोणाच्या बोटांची चरबी न लागलेली. पुढे सम्राज्ञीचं तोंड, केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. नेब्रिसने एक नाणं सवयीने उलटं केलं, आणि तिचा हात तिथेच राहिला.

मागे एक बाई उभी होती. डोक्यावरचा पदर उजव्या हाताने पुढे ओढत होती. तशा पुदिकितिया, म्हणजे शीलाच्या देवी, नेब्रिसने पूर्वीही पाहिल्या होत्या. सगळ्या पदर असा ओढायच्या, जणू पडदा लावतायत. ही मात्र खरंच कोणीतरी आलं म्हणून पदर ओढत होती. डावा खांदा जरा उतरलेला, सगळा भार एका पायावर, मान किंचित वळलेली. आणि पदर धरलेल्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांपासून वेगळी, सरळ, बाहेर काढलेली.

कोरणारा हात कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. घोळाची चुणी घोट्याशी तशी मोडायची खोड फक्त अँतेरोसची. आणि असं कोरायला माणसाने त्या बाईला पुष्कळदा पाहिलेलं असायला हवं. पळी धरायला लावून एकदा नव्हे. तिला नकळत, मन भरेपर्यंत.

नेब्रिसने एकेक नाणं मुशीत टाकलं. ते एक मागे ठेवलं. शेवटी तेही टाकलं आणि वाकून बघत बसली. आधी कडा गेली, मग पाय गेले, मग पदर. बाजूचा कारागीर म्हणाला, "अगं, भुवया जळतील."

"जळू देत."

घरी अँतेरोस कोबी आणि खारवलेला मासा घेऊन बसला होता. ती समोर बसली, पण पानाला हात लावला नाही.

"नवीन बाई कोरलीस वाटतं."

"कोण नवीन?"

"पदरवाली."

अँतेरोसने पाव तेलात बुडवला. "ती देवी आहे. सम्राज्ञीच्या मागे तीच कोरायला सांगतात."

"देवीच्या करंगळीला काय झालंय?"

त्याचा पाव तेलातच राहिला. "लोखंड तिथे टणक निघालं. छिन्नी घसरली."

"तुझी छिन्नी कधीपासून घसरायला लागली?"

"म्हातारा होतोय."

"म्हातारे झाले की पुरुषांचं दुसरंच काहीतरी घसरतं," नेब्रिस म्हणाली.

तो हसला नाही. एरवी असल्या बोलण्याला तो हमखास हसायचा. त्याचं न हसणं तिच्या जिवाला लागलं ते लागलंच.

त्यानंतर नेब्रिसने अख्ख्या रोममधल्या बायकांच्या करंगळ्या पाहायला घेतल्या म्हटलं तरी चालेल. हमामात बायकांच्या वेळेला जाऊन ती काठावर बसे आणि तेल चोळणाऱ्या हातांकडे टक लावून बघे. तिथल्या राखणदारणीला वाटलं, हिची अंगठी चोरीला गेलीय. बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, भाजीवालीपाशी, जिथे कोणी पदर सावरला तिथे नेब्रिसची मान वळली. खांदे उतरलेल्या बायका पुष्कळ निघाल्या. एका पायावर भार देऊन उभ्या राहणाऱ्या तर सगळ्याच, दिवसभर राबल्यावर दुसरं काय होणार. करंगळी मात्र कोणाची जुळेना.

शेवटी तिने सरळ नवऱ्याचाच माग काढला. दुपारच्या सुट्टीत तो टांकसाळीतून बाहेर पडला की कुठे जातो, हे पाहायला दुकानात पोटदुखीचं निमित्त सांगून निघाली. अँतेरोस फार लांब गेलाच नाही. झुंजींच्या मोठ्या रंगमंडलापाशी जे उंच निमुळतं कारंजं आहे, ज्याच्या अंगावरून पाणी घामासारखं पाझरतं, तिथे मडकं घेऊन उभा राहिला. पाणी भरायला गर्दी होती. त्याची पाळी आली, तर त्याने मागच्याला पुढे सोडलं. त्याच्या मागच्यालाही सोडलं.

मग ती आली. रंग उतरलेली निळी शाल, वय नेब्रिसएवढंच किंवा थोडं जास्तच, काखेत घागर. दिसायला काही विशेष नाही. नेब्रिसने मनाशी म्हटलं, हिच्यात काय आहे, आणि तेवढ्यात त्या बाईची नजर अँतेरोसवर गेली. तिने घागर खाली ठेवली, डावा खांदा उतरला, आणि तिने पदर पुढे ओढला. करंगळी सरळ राहिली.

दोघं एक शब्द बोलले नाहीत. तिने पाणी भरलं आणि गेली. अँतेरोसने आपलं मडकं भरलं आणि कामावर गेला.

नेब्रिस खांबाआड उभी होती. त्या दोघांनी हात धरला असता, तर ती पुढे होऊन दोघांच्या झिंज्या उपटून मोकळी झाली असती. आता उपटायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ती गेली, तिसऱ्याही. दर दिवशी तेच. ती त्या बाईला इतकी बघत राहिली की ती पाऊल कुठे टाकणार हे तिला आधीच कळू लागलं. घरी एकटी असताना तिने स्वतः शाल घेऊन तसा पदर ओढून पाहिला. खांदा नीट उतरेना. पुन्हा ओढला. मग शाल फेकून दिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी कारंज्यावरून परतताना ती विबिदियाच्या खानावळीच्या कट्ट्यापाशी थांबली. विबिदिया गरम हरभरे आणि पाणी घातलेली वाइन विकायची, आणि ज्याला जी बातमी हवी ती फुकट द्यायची.

"तोंड का असं आंबलंय गं?" विबिदियाने विचारलं. "नवरा बरा आहे ना?"

"नवरा मजेत आहे. त्याला देवी दिसतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. सम्राज्ञीच्या नाण्यामागे शीलाची देवी म्हणून माझ्या नवऱ्याने पाणवठ्यावरची बाई उभी केलीय. जा, कोणाकडे नवं नाणं असेल तर बघून ये. आणि मग कारंज्यावर जाऊन तिची करंगळी बघ."

बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. गळू फुटल्यावर वाटतं तसं, तेवढाच वेळ. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टांकसाळीतले दोन हातोडीवाले हरभरे खात बसलेत, हे तिने पाहिलंच नव्हतं.

पुढचं विबिदियाने तिला सांगितलं, तेही चवीने. टांकसाळीत हातोडा मारता मारता लोक म्हणू लागले, "घे, आणखी एक पाणीवाली." कोणीतरी त्यावर गाणं रचलं. गाणं मुकादमापर्यंत गेलं. मुकादमाचं नाव डामास, मनाने वाईट नव्हता, पण सम्राज्ञीच्या नावाजवळ पाणवठ्याची थट्टा म्हणजे त्याच्या मानेशी खेळ. त्याने गोष्ट वरच्या अधिकाऱ्याच्या कानावर घातली. आणि मग एका सकाळी डामास स्वतःच नेब्रिसच्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, टांकसाळीत चला. मालकांनी बोलावलंय."

"कशाला?"

"तुमचा नवरा बोलत नाही. म्हणतो, देवी आहे. त्यापलीकडे तोंड उघडत नाही. मालक म्हणाले, बायकोला विचारा."

चालता चालता नेब्रिसने विचारलं, "त्याला काय करतील?"

डामासने खांदे उडवले. "ठसे फोडतील. त्याला कोरकामावरून काढतील, भट्टीवर घालतील. ते नशीब बरं असलं तर. आणि ती बाई खरीच कोणी असेल, तर तिलाही आणतील. थट्टा कोणी सुरू केली ते कळायला हवं ना."

 नेब्रिसच्या डोळ्यांपुढे ती निळी शाल टांकसाळीच्या फाटकातून आत येताना दिसत होती, आणि खरं सांगायचं तर ते चित्र तिला गोड वाटलं. पण त्याच चित्रात अँतेरोस होता, भट्टीपाशी. पापण्या आधीच जळलेला माणूस, ती आग किती दिवस सोसेल.

टांकसाळीच्या आतल्या चौकात हातोड्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा. अधिकाऱ्याने हात वर केला तसा तो एकेक करून थांबला. अँतेरोस भिंतीपाशी उभा होता, अनवाणी, मान खाली. टेबलावर एक नाणं आणि त्याच्या शेजारी त्याचा ठसा.

अधिकारी वयस्क होता, डोळ्यांनी अधू. नाणं नाकाशी धरून त्याने पुन्हा पाहिलं. "काम सुरेख आहे," तो म्हणाला. "म्हणून तर विचारतोय. वाईट असतं तर विचारलंच नसतं. बाई, ही कोण?"

नेब्रिसने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने वर पाहिलं नाही. त्या क्षणी त्याने नुसती मान वर केली असती, तर ती काय बोलली असती, देव जाणे.

"मी," ती म्हणाली.

चौकात कोणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्याने नाणं खाली ठेवलं. "तू?"

"मी त्याची लग्नाची बायको आहे, मालक. त्याने मला कोरलं. लाजेखातर तो सांगत नाही."

"लोक तर म्हणतात पाणवठ्यावरची कोणी आहे."

"मीही पाणी भरतेच की."

"आणि ही करंगळी?"

"वर्ख ठोकताना दुसऱ्याची हातोडी बसली. वाकत नाही."

अधिकाऱ्याने डोळे बारीक केले. "उभी राहून दाखव."

नेब्रिसने डोक्यावरून शाल घेतली. घरी असं उभं राहण्याचा तिने किती वेळा प्रयत्न केला होता आणि खांदा उतरला नव्हता. आता सगळी टांकसाळ बघत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती: कारंज्याजवळची ती बाई, घागर खाली ठेवताना. भार एका पायावर गेला. डावा खांदा आपसूक उतरला. मान वळली, तिने पदर पुढे ओढला, आणि करंगळी बाहेर राहिली. जणू समोर खरंच कोणी आलं होतं, आणि त्याने यावं असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

कोणी हसलं नाही. अधिकारी एकदा नाण्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "अगदी तीच," तो पुटपुटला.

नेब्रिसने तशीच उभी राहून डोळ्याच्या कोपऱ्यातून अँतेरोसकडे पाहिलं. आता त्याने मान वर केली होती. त्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं. आताही तो तिच्याकडे पाहत नव्हता.

तिने पदर खाली सोडला.

"आपल्या बायकोला शीलाची देवी म्हणून कोरलंस," अधिकारी अँतेरोसला म्हणाला, "यात लपवायचं काय होतं, मूर्खा? सम्राज्ञीच्या मागे एक पतिव्रता उभी आहे, याहून चांगलं काय? डामास, जो पुन्हा ते गाणं म्हणेल त्याला भट्टीवर घाल. ठसा चालू ठेवा."

हातोडे पुन्हा सुरू झाले. तिच्या पाठीमागे टण टण करत त्या दुसरीचीच नाणी पडू लागली.

दोघं घरी चालत निघाले. वाटेत अँतेरोस म्हणाला, "तू तिला कुठे पाहिलंस?"

"तू पाहतोस तिथेच."

"मी तिच्याशी बोललो नाही."

"बोलला असतास तर बरं झालं असतं. निदान काय बोललास ते मला विचारता आलं असतं."

मग त्याने सांगितलं. तिचं नाव अरेस्कूसा. ओस्टिया बंदरात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे दोघं गुलाम होते, मालकाच्या मर्जीने एकत्र राहायचे. गोदामाच्या दारात तिची करंगळी चेंगरली, तेव्हा त्यानेच ती बांधली होती, पण ती ताठच जुळली, पुन्हा वाकली नाही. एक मूल झालं, ते जगलं नाही. मालक मेला, मुलांनी वाटणी केली, भांडीकुंडी आणि माणसं. तो एकाच्या वाट्याला गेला आणि पुढे सम्राटाच्या घराण्यात विकला गेला, ती दुसऱ्याच्या वाट्याला. आता ती दक्षिणेकडच्या पुतिओली गावातल्या एका विधवेची मोकळी केलेली दासी, मालकिणीच्या कोर्टाच्या कामासाठी रोममध्ये आलेली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कुत्रीवर रुसतेस," अँतेरोस म्हणाला. "तुला हे काय सांगणार होतो?"

नेब्रिसला हसू येत होतं, पण तिने येऊ दिलं नाही. "आणि हे बाहेर फोडलं कोणी, ते नाही विचारलंस?"

"डामासने सांगितलं. विबिदियाच्या कट्ट्यावर."

"मग?"

"मग काय. तूच फोडलंस, तूच झाकलंस." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तू तशी उभी राहिलीस तेव्हा..."

"पुढे बोलू नको," नेब्रिस म्हणाली. "बोललास तर मी परत जाऊन खरं सांगून येईन."

तो दोन पावलं मागे राहून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी नेब्रिस कारंज्यावर गेली. अँतेरोस यायच्या आधी, भल्या सकाळी. अरेस्कूसा एकटीच होती.

"तू इथे पाणी भरायला येऊ नको," नेब्रिस म्हणाली. "पलीकडे दुसरा हौद आहे."

बाईने तिला न्याहाळलं. ही कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. "येणारच नाही, ताई. मालकिणीचं काम झालं. परवा आम्ही पुतिओलीला निघतो." तिने घागर उचलली आणि पुन्हा ठेवली. "लोक म्हणतात, सोन्याच्या नाण्यावर तुमचं रूप आहे. काल टांकसाळीत तुम्ही उभं राहून दाखवलं म्हणे."

"हो. माझंच आहे."

बोलताना नेब्रिसने शाल सावरली. कारंज्यावर आणखी बायका येत होत्या, ओळखीच्या, म्हणून करंगळी सरळ ठेवणं भाग होतं. अरेस्कूसाचं लक्ष त्या बोटावर गेलं. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं, आणि हळूच तो हात शालीच्या आत घेतला.

"मी सोन्याचं नाणं कधी जवळून पाहिलं नाही," ती म्हणाली. "चांगलं झालंय का?"

 नेब्रिसने त्या बाईला मुशीत वितळताना पाहिलं होतं, इतक्या जवळून की भुवया जळाल्या असत्या. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "फार चांगलं झालंय." आणि पुढे काही बोलावं लागू नये म्हणून तिची घागर स्वतः उचलून तिच्या काखेत दिली.

अरेस्कूसा गेली ती पुन्हा रोममध्ये आली नाही.

पण गल्लीला आता नवा किस्सा मिळाला होता. आमची नेब्रिस सोन्याच्या नाण्यावर आहे. साक्रा विआवरचे सोनार गिऱ्हाइकांना दुकानात आणून तिला दाखवू लागले. लग्नघरी नवऱ्या मुलीला पदर कसा घ्यावा ते शिकवायला तिला बोलवत. ती जायची. "असा," म्हणायची, खांदा उतरवायची, आणि बायका माना डोलवायच्या. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "नवऱ्याचं किती प्रेम असेल गं, तेव्हा असं कोरलं." नेब्रिस म्हणाली, "हो, फार होतं." एवढं बोलून ती घरी निघून आली.

करंगळीचं तर तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. टांकसाळीत वाकत नाही म्हणून सांगितलेलं बोट चारचौघांत वाकवून कसं चालेल? दुकानात हातोडी धरताना, बाजारात पैसे देताना, हमामात, सगळीकडे ते तिने सरळ ठेवलं. पुढे पुढे लक्षही लागेना. घरात मात्र, अँतेरोस समोर असला की ती ते मुद्दाम घट्ट मिटून ठेवायची. पळी धरायची तरी मिटलेल्या मुठीने. त्याला ते दिसत होतं की नाही, कोण जाणे.

अँतेरोसने त्यानंतरही पुष्कळ देवी कोरल्या. सगळ्या ताठ, खांबासारख्या. सम्राज्ञी वारली, नवी आली, पदरवालीचे ठसे झिजून मोडीत गेले. नवी पुदिकितिया कोरायचं काम पुन्हा त्याच्याकडे आलं, तर त्याने देवळातली जुनी मूर्ती बघून कोरली. नेब्रिसने ते नाणं पाहिलं. करंगळी बाकीच्या बोटांना चिकटलेली होती. तिला वाटलं होतं की हे पाहून जीव थंड होईल. उलट तिला राग आला, की तिला तसं कोरलं आणि माझ्या वेळेला याच्या हातात एवढंच उरलं का.

बरीच वर्षं लोटल्यावर त्या पुतिओलीच्या विधवेचा एक नोकर वर्ख घ्यायला दुकानात आला. बोलता बोलता कळलं की अरेस्कूसा आदल्या उन्हाळ्यात तापाने गेली. शेवटी शेवटी मालकिणीच्या नातीला सांभाळायची, म्हणाला, पोरीला फार लळा होता.

नेब्रिसने दिवसभर विचार केला, घरी सांगावं की नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने सांगितलं.

"अरेस्कूसा गेली. गेल्या उन्हाळ्यात."

अँतेरोस ऑलिव्हच्या बिया ताटाच्या कडेला मांडत होता. डोळे आता जवळजवळ गेले होते, बोटांनी चाचपून खायचा.

"कोण अरेस्कूसा?" त्याने विचारलं.

नेब्रिस त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारपणाने विसरला होता, की तिच्यासाठी विसरल्यासारखं करत होता? तो रडला असता तर तिने थयथयाट केला असता. हे त्याहून वाईट होतं. त्या चेहऱ्यावरून तिला काहीच वाचता येईना, आणि उरलेल्या आयुष्यात आलंही नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात मसूर वाढला.